तीन फूट बाय चार फूट: गिरणगावातील बाळंतिणीची गोष्ट

१/
खोली पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद. चाळीचा दुसरा मजला. जमिनीवर सहा चुली, म्हणजे सहा कुटुंबे. लहानथोर मिळून तीस जीव. त्यांतील सहा स्त्रियांपैकी तिघींचे दिवस भरत आले होते. १९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात डॉ. बार्न्स यांनी या खोलीची नोंद केली आहे.

२/
गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी सरकारने या डॉक्टरबाईंना नेमले होते. त्या दिवशी त्यांच्यासोबत वस्तीत हिंडणारी एक परिचारिका होती. ‘इथे आडोसा कसा करणार?’ अशा अर्थाचा प्रश्न डॉक्टरांनी तिला विचारला. परिचारिकेने जागा दाखवली: सुमारे तीन फूट बाय चार फूट. तेवढाच भाग पडद्याने झाकून घ्यायचा. सहा चुलींचा धूर मात्र पडद्याने अडत नव्हता. डॉक्टरांचे नाव इतिहासात राहिले. पडदा लावणारीचे त्या वर्णनात नाही.

३/
१९२१ साली मुंबईतील बालमृत्यूंचे प्रमाण नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ होते. हा आकडा समाजमाध्यमांवर बऱ्याचदा फिरतो, म्हणून एक सावधगिरी. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. मूल जन्मायचे गावी आणि दगावायचे मुंबईत. त्यामुळे जन्म एकीकडे, मृत्यू दुसरीकडे. काही जन्म तर नोंदलेच जात नसत. प्रमाण त्यामुळे फुगते. तरीही जे उरते ते पुरेसे भयंकर आहे.

४/
गावी जाण्यात काय होते? माहेर, आईचा हात, शेक-शेगडी, अळिवाची खीर आणि सव्वा महिना. विटाळाच्या कल्पनेने बाळंतिणीला अंधाऱ्या, कोंदट खोलीत कोंडले, हे खरेच. त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण त्याच विटाळामुळे तिला चुलीपाशी आणि पाणवठ्यावर कोणी धाडत नसे. रूढीने नकळत दिलेली ती रजाच होती. गिरणगावातील एका खोलीत राहणारीला माहेर नव्हते आणि रजाही नव्हती.

५/
आता ‘अडलेल्या’ बाईचा विचार करा. मूल आडवे आले, कळा दोन दिवस लांबल्या, रक्त फार गेले. सुटका झाली की घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. खरा धोका पुष्कळदा तिथूनच सुरू होई: पहिल्या काही तासांत रक्तस्राव, पुढच्या काही दिवसांत सूतिकाज्वर. प्रसूती करणाऱ्याचे हात धुतले तर हा ज्वर टळतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ मध्येच दाखवले होते. पण ज्वर एकदा जडल्यावर त्यावर परिणामकारक औषध नव्हते. सल्फा औषधांचा गुण लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात सिद्ध झाला तो १९३६ च्या सुमारास.

६/
म्हणजे १९२२ मध्ये शुश्रूषा हाच उपचार होता. नाडी पाहणे, ताप मोजणे, पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट होते आहे की नाही हे चाचपणे, कपडा किती भिजला ते पाहणे, उकळलेले पाणी, स्वच्छ चादर, घोट घोट पेज. आणि रात्री कोणीतरी जागे असणे. ज्या बाईचे मूल गेले असेल तिच्याशी चार शब्द बोलणे हेही त्यातच आले. यातले एकही काम तीन फूट बाय चार फुटांत धडपणे होत नाही.

७/
मुंबईत स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांनी चालवलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. तिथे एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय केली. अडचण शिक्षणाची नव्हती, प्रतिष्ठेची होती. परक्याचे रक्त, मळ, लुगडी हाताळण्याचे काम ‘चांगल्या घरच्या’ मुलीने करावे, हे पांढरपेशा समाजाला रुचत नव्हते. पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात या शिक्षणासाठी पाठवले, तेव्हा त्यांनाही हीच भिंत फोडावी लागली.

८/
१९२६ मध्ये परळला दोन दारे उघडली: केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह. वाडिया कुटुंब गिरणीमालकांचे. इमारतीचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा. गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, बाळंतिणीला स्वतंत्र खाट मिळू लागली. मालकांच्या दानशूरपणाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये: ज्या मजुरीने ती खोली भाड्याने घेता येत होती, ती मजुरीही गिरणीमालकच ठरवत.

९/
रुग्णालय काही दिवसांनी घरी पाठवणार. पुढे? रोज बुडाला की चूल विझते, म्हणून ओली बाळंतीण पुन्हा साच्यावर. बाळाला झोपवायला अफूची बाळगोळी. कामकरी स्त्रियांच्या जवळजवळ सर्व मुलांना ती दिली जाते, असे बार्न्सबाईंनी नोंदवले होते.

१०/
ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती-लाभाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मग मुंबई कायदेमंडळात रा. स. आसवले यांचे विधेयक आले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणापूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. खर्चाचा मोठा भार खरे तर सरकारने उचलावा, पण स्त्रीच्या श्रमातून फायदा घेणारा मालकही सुटत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दयेची भाषा टाळून त्यांनी हक्काचा हिशेब मांडला.

११/
१९२९ चा मुंबई प्रसूती-लाभ कायदा हा देशातील या प्रकारचा पहिला. रोज आठ आणे, एकूण सात आठवडे: तीन आधी, चार नंतर. नंतरचे म्हणजे अठ्ठावीस दिवस. गावच्या आजीच्या सव्वा महिन्याहून कमीच. शिवाय ठरावीक मुदतीची नोकरी झालेली असली पाहिजे आणि पैसे मालकाच्या खिशातून. त्यामुळे बाईला कामावर ठेवणेच मालकाला महाग वाटू लागले.

१२/
पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीवरील बंदी, नवी यंत्रे, कामाची फेररचना, अशी कारणे अनेक. प्रसूती-लाभाचा खर्च हे त्यांतील एक. १९६१ चा देशव्यापी कायदा आला तेव्हा, त्या चाळीतल्या तिघींसारख्या साच्यावर उभ्या राहणाऱ्या बायका गिरणगावात थोड्याच उरल्या होत्या.