दहा फुटांवरची रिंग आणि लहान मुले

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटरवर असते. ही उंची ठरली ती निव्वळ योगायोगाने. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद जागेत खेळता येईल असा एक खेळ बसवला. त्यासाठी पीचच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या आणि सज्जा होता साधारण दहा फुटांवर. खेळणारे १८ विद्यार्थी चांगले वाढलेले तरुण होते, त्यामुळे ती उंची कुणाला खटकली नाही. पुढे खेळ शाळांमध्ये पोहोचला, पण रिंग जागची हलली नाही.

नेस्मिथच्या मूळ १३ नियमांनुसार चेंडू हातात घेऊन धावता येत नसे. जिथे पकडला तिथूनच तो फेकायचा. साहजिकच खेळाचे पहिले कौशल्य होते पास देणे आणि झेलणे. ड्रिबलचा या नियमांत उल्लेखही नाही. चारी बाजूंनी घेरला गेलेला खेळाडू चेंडू जमिनीवर आपटून पुन्हा स्वतःच पकडू लागला आणि या पळवाटेतून ड्रिबल जन्मला. लेसने आवळलेला तेव्हाचा चामडी चेंडू कुठेही उसळे, त्यामुळे त्यावर हुकमत मिळवणे सोपे नव्हते. नियम करणाऱ्यांनाही ही युक्ती बरीच वर्षे पसंत नव्हती. १९२७ मध्ये तर अमेरिकेच्या नियम समितीने ड्रिबल एकाच टप्प्यापुरता ठेवायचे ठरवले होते. कॅन्ससचे फॉग अ‍ॅलन आणि इतर प्रशिक्षकांनी त्याविरुद्ध इतका गदारोळ केला की निर्णय मागे घ्यावा लागला आणि त्यातूनच प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज लहान मुलाला मैदानावर आणल्यावर बहुधा सर्वांत आधी टप्पे पाडायलाच शिकवतात. हेच कौशल्य एकदा नियमांतून थोडक्यात बचावले आहे.

बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची रीतही बदलत गेली. बराच काळ दोन्ही हातांनी, पाय जमिनीवर ठेवून छातीजवळून चेंडू ढकलणे हीच मान्य पद्धत होती. डिसेंबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅनफर्डच्या हँक लुइसेटीने एका हाताने चेंडू मारत लाँग आयलंड विद्यापीठाची ४३ सामन्यांची विजयमालिका तोडली. मोठ्यांनी हळूहळू हा शॉट आत्मसात केला. लहान मुलांना मात्र तो जमणे कठीणच होते. मोठा चेंडू त्यांच्या तळव्यात मावत नाही आणि दहा फुटांवर पोहोचवण्यासाठी सगळे अंग झोकून, कधी कमरेपासून उचलून तो भिरकावावा लागतो. अशी एकदा लागलेली सवय पुढे मोडता मोडत नाही.

यावर उपाय निघायला जवळजवळ साठ वर्षे लागली, ही खरी आश्चर्याची गोष्ट. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथील जे आर्चर या शिक्षकाने १९५०च्या सुमारास चेंडू लहान केला आणि रिंग साडेआठ फुटांवर आणली. या खेळाला त्याने ‘बिडी बास्केटबॉल’ म्हटले. कल्पना म्हणून यात काही अवघड नाही, परंतु बास्केटबॉल शिकवण्याच्या इतिहासात इतका परिणामकारक बदल दुसरा दाखवता येणार नाही. मूल शॉट योग्य पद्धतीने मारू शकते की नाही, हे शिक्षकाच्या सांगण्यापेक्षा चेंडूच्या वजनावर आणि रिंगच्या उंचीवर जास्त अवलंबून असते.

१९६०च्या दशकात ही कल्पना युरोपात पोहोचली. स्पेनमध्ये अन्सेल्मो लोपेस यांनी तिचा हिरिरीने प्रसार केला आणि तिथून ‘मिनी बास्केटबॉल’ हे नाव रूढ झाले. फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे त्याला आपल्या छत्राखाली घेतले. मिनी बास्केटबॉलच्या नियमांत रिंग २.६० मीटरवर असते. चेंडू पाच नंबरचा, ४५० ते ५०० ग्रॅम वजनाचा. पुरुषांचा सात नंबरचा चेंडू ५८० ग्रॅमपासून पुढे भरतो. फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून चार मीटरवर आणली आहे. तीन गुणांची बास्केट मुळी नाहीच, त्यामुळे लांबून चेंडू भिरकावण्याचा मोह आपोआप कमी होतो.

या नियमावलीतला सर्वांत शहाणपणाचा नियम मोजमापांशी संबंधित नाही. संघ दहा जणांचा असतो, सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो आणि प्रत्येक मुलाला त्यातले दोन भाग मैदानावर उतरवणे प्रशिक्षकावर बंधनकारक असते.