‘रायट’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजीतल्या ‘रायट’ला आपण मराठीत दंगा किंवा दंगल म्हणतो. गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांनाही आपण दंगलच म्हणतो. कुस्तीत दोन पैलवान असतात आणि दोघेही राजीखुशीने उतरतात. तोच अर्थ नकळत दुसऱ्या दंगलीलाही चिकटतो: दोन गट होते, भिडले. या गैरसमजाची किंमत मोठी आहे, म्हणून हा शब्द मला तपासावासा वाटतो.

आपल्या अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्याचे नाव या शब्दाशी १८७५ सालीच जोडले गेले. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. ते लोण लगेच पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, नगर या तालुक्यांत पोहोचले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला आलेली तेजी ओसरली होती, सारा वाढला होता आणि सावकार नवे कर्ज देईनात. शेतकऱ्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते हाती आले की त्यांची होळी व्हायची. लुटालूट झाली, जाळपोळही झाली. पण जिथे कागद मुकाट्याने दिले गेले, तिथे सावकाराच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. तरी सरकारदरबारी नोंद झाली ती ‘डेक्कन रायट्स’ अशीच.

त्या नावात शेतकऱ्यांचा फक्त गुन्हा दिसत होता. कारण दिसले ते आयोगाने चौकशी केल्यावर. त्यातूनच १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

आता कायद्याची व्याख्या पाहा. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम १४६, आज भारतीय न्याय संहितेचे कलम १९१. पाच किंवा अधिक जणांच्या बेकायदा जमावातील कुणीही समान उद्दिष्टासाठी बळ वा हिंसा वापरली, की तो दंगा. यात दुसरा गट असण्याची अट कुठेच नाही. एका जमावाने झोपलेल्या वस्तीवर हल्ला केला, तरी कायद्याच्या भाषेत तो दंगाच.

आपल्या बोलण्यात मात्र ‘दंगल झाली’ म्हटले की मारणारा आणि मार खाणारा एकाच तागडीत जातात.

म्हणून दंगलीची बातमी वाचताना मी तीन प्रश्न विचारतो: कुणी केले, कुणावर केले, कशासाठी केले? जमाव कोणत्याही धर्माचा असो, माझ्या धर्माचा असला तरी, हे प्रश्न बदलता कामा नयेत.