चंचल बालक आणि वैद्यकाची दृष्टी

वर्गात एका जागी न बसणारे, सांगितलेले क्षणात विसरणारे, प्रश्न पुरता होण्यापूर्वीच उत्तर देऊन मोकळे होणारे मूल शिक्षकांच्या फार जुन्या परिचयाचे आहे. द्वाड, वांड, धांदरट, उनाड अशी नावेही त्याला उदंड मिळाली, आणि ती सारी दोषारोपाचीच! त्याचे वर्तन हा अपराध नसून लक्षण असू शकेल, हे पाश्चात्य वैद्यकाला मोठ्या विलंबाने आणि पुष्कळ वळणे घेऊन उमगले.

१७९८ मध्ये अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात अवधानाचा स्वतंत्र विचार केला. कुत्र्याचे भुंकणे, दार धाडकन लागणे, खोलीतून कोणी येरझारा घालणे, एवढ्यानेही काही माणसांचे चित्त विस्कटते, असे त्याने नोंदविले. ही अवस्था जन्मजात असू शकते आणि अशा बालकाला शिक्षणाच्या कोणत्याही विषयावर मन स्थिर ठेवता येत नाही, हेही त्याने ओळखले होते. त्याच्या या निरीक्षणाकडे मात्र दीर्घकाळ कोणी फिरकले नाही.

अर्धशतकानंतर फ्रांकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिख हॉफमान यांनी आपल्या लहानग्या मुलासाठी एक चित्रमय पुस्तक रचले. १८४५ मध्ये निघालेल्या या ‘श्ट्रुव्हेलपेटर’च्या पुढील आवृत्त्यांत दोन बालके अवतरली. जेवताना खुर्ची डोलवीत अखेर मेजावरच्या आच्छादनासह सारी भांडी अंगावर ओढून घेणारा फिलिप, आणि आकाशाकडे पाहत चालता चालता थेट पाण्यात पडणारा हान्स. एक अतिचंचल, दुसरा अनवधानी. हे दोघे एकाच विकाराचे दोन चेहरे असू शकतील, हे त्या काळी कोणाच्याच ध्यानी आले नसावे.

मार्च १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत, घर चांगले, तरीही शिक्षा झाल्यावर काही तासांतच तीच आगळीक पुन्हा करणारी मुले त्यांनी पाहिली होती. सहा वर्षांच्या एका मुलाचे मन खेळातदेखील फार वेळ टिकत नसे. यात कारण शरीराचे असावे, हा स्टिल यांचा तर्क मोलाचा होता. परंतु त्यांनी या स्थितीला ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ म्हटले. मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यातून सोडविले खरे, पण आरोपपत्र तेवढे तसेच राहिले!

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची मोठी साथ आली. तीतून वाचलेली कित्येक मुले अस्वस्थ व अनावर झाली. त्यावरून अशा वर्तनामागे मेंदूची इजा असते, असे अनुमान निघाले आणि पुढे इजेचा मागमूस नसलेल्या मुलांनाही ते लावण्यात आले. कार्यावरून कारण गृहीत धरण्याचाच हा प्रकार.

औषध सापडले तेही अपघाताने. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूच्या तपासणीनंतर उठणाऱ्या डोकेदुखीवर बेंझेड्रिन देऊन पाहत होते. डोकेदुखी हटली नाही. अभ्यास मात्र सुधारला. १९३७ मध्ये त्यांनी ३० मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील १४ जणांच्या शाळेतील कामात ठळक फरक पडला होता. उत्तेजक द्रव्याने चंचल मूल शांत व्हावे, हे त्यांनाही नवलाचे वाटले.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९६८ मध्ये या विकाराला चंचलतेवरून नाव दिले. १९८० मध्ये अवधानाला अग्रस्थान मिळाले, आणि चंचलतेवाचूनही हा विकार असू शकतो हे मान्य झाले. या बदलाने मागच्या बाकावर निमूट बसून खिडकीबाहेर पाहणारी मुले, आणि विशेषतः मुली, वैद्यकाच्या दृष्टिपथात आल्या. कारण भांडी पाडणाऱ्या फिलिपची तक्रार सर्वत्र होते, हान्सची सहसा होत नाही.

२०१३ च्या निकषांनुसार अनवधानाची नऊ आणि चंचलता व उतावळेपणाची नऊ लक्षणे पाहिली जातात. कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधी काही दिसू लागलेली, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळणारी असावी लागतात. वयाबरोबर हा दोष ओसरतो, असे क्रायटनचे मत होते. परंतु पुष्कळांत तो प्रौढपणीही उरतो असे आढळल्याने, सतरा वर्षे व त्यापुढील वयासाठी पाच लक्षणे पुरेशी मानली आहेत.