चालत्या गाडीचे बंद पडणे : एका निदानविद्येची वाटचाल

मुंबईहून जुन्या महामार्गाने पुण्याकडे येताना बोरघाट चढून लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव मागे टाकले की देहूरोड लागते. गाव लष्करी छावणीचे. शेजारी किवळ्याला २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग संपतो आणि कात्रजकडे जाणारे बाह्यवळण फुटते. एका अंगाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगाला तळेगाव आणि चाकण. गाड्या जिथे बनतात आणि जिथे त्या बंद पडतात, त्या जागा इथे एकमेकींना लागून आहेत. कारखान्यांचा इतिहास आपण वाचतो. चालता चालता बंद पडलेल्या इंजिनाचे कारण मिस्त्रीला कसे कळते, या विद्येचा इतिहास मात्र क्वचितच वाचायला मिळतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि पुढची पद्मिनी यांच्या काळात हे निदान दोन प्रश्नांत मावत असे : करंट येतो का, आणि पेट्रोल येते का? प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायचे, स्टार्टर मारायचा आणि ठिणगी पडते का पाहायचे. ठिणगी नसेल तर डिस्ट्रिब्युटर उघडून पॉइंट, कंडेन्सर, मग कॉइल. ठिणगी असेल तर कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून पेट्रोलची पिचकारी येते का बघायचे; मग फिल्टर, पंप, जेटमध्ये अडकलेला कचरा. सगळे डोळ्यांना दिसणारे, बोटांना लागणारे.

पण या दोन प्रश्नांना चकवणारे दोष तेव्हाही होते. गाडी घाटात बंद पडे, तासाभराने काहीच न करता सुरू होई. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापते, वेग कमी म्हणून वारा कमी, आणि इंजिनाला चिकटून बसवलेल्या पंपातले पेट्रोल नळीतच उकळते. पंप द्रवाऐवजी वाफ ओढू लागतो. हे ‘व्हेपर लॉक’. उपाय पंपावर ओले फडके ठेवण्याचा. कॉइलचे दुखणे वरवर अगदी असेच दिसे : तापली की आतल्या वेढ्यातला जोड सुटतो, निवली की जुळतो. म्हणून जाणता मिस्त्री पाना उचलण्याआधी विचारी, ‘बंद कधी पडते? तापल्यावर की सकाळी? चढावर की सिग्नलला? आधी झटके खाते, की दिवा विझावा तशी एकदम जाते?’ झटके खात मेली तर संशय पेट्रोलवर, एकदम गेली तर करंटवर. ही उलटतपासणी हाच त्या विद्येचा गाभा होता.

१९९५ पासून महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक सक्तीचे झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत कार्बोरेटर आणि पॉइंट दोन्ही गेले. इंधन किती आणि ठिणगी कधी, हे संगणक ठरवू लागला. गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत ही ओबीडी पद्धत अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झाली. आपल्याकडे ती भारत स्टेज चारबरोबर २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत आली. तिचा जन्म दुरुस्तीसाठी झाला नव्हता, धुरावर नजर ठेवण्यासाठी झाला होता. मिस्त्रीला तिचा उपयोग झाला तो ओघाने.

जुन्या कॉइलचे दुखणे आता क्रँकशाफ्ट सेन्सरकडे आले आहे. तोही तापला की मुका होतो. संगणकाला इंजिन फिरते आहे हे कळत नाही आणि तो इंधन व ठिणगी तोडतो. स्कॅनर ‘पी०३३५’ असा कोड दाखवतो, कधी काहीच दाखवत नाही. कोडचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही; त्या सर्किटमध्ये बिघाड आहे, एवढाच. तो वायरचा असेल, सॉकेटमधल्या गंजाचाही. खरी खूण धावत्या गाडीतच मिळते : गाडी गिअरमध्ये असून चाके इंजिनाला फिरवत असताना स्कॅनरवरचे आरपीएम एकदम शून्यावर आले, तर संकेत तुटला आहे. म्हणजे प्रश्न पुन्हा ‘बंद कधी आणि कशी पडते’ हाच.

मात्र उत्तर आता एका बंद पेटीत होते आणि पेटीची किल्ली कंपनीकडे. २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुली न केल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. कंपन्या अपिलात गेल्या. यादीत टाटा, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि जनरल मोटर्स ही नावे होती. पिंपरी, चाकण, तळेगाव! ज्या पट्ट्यात गाडी घडते, तिथल्याच गॅरेजवाल्याला तिचे निदान परके व्हावे, असा हा प्रकार.

ही माहिती बाहेरच्या माणसाला का हवी, हे त्याच वर्षी अमेरिकेत दिसले. जनरल मोटर्सने सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांचा इग्निशन स्विच धक्क्याने किंवा जुडग्याच्या वजनाने सरके, चालते इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. १२४ मृत्यूंची भरपाई कंपनीला मान्य करावी लागली. कंपनीच्याच चौकशी अहवालानुसार गाडी बंद पडण्याकडे तिथे वर्षानुवर्षे ग्राहकांची गैरसोय म्हणून पाहिले गेले, सुरक्षेचा प्रश्न म्हणून नाही. दोष उजेडात आणण्यात मोठा वाटा होता तो एका मृत तरुणीच्या कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या स्वतंत्र अभियंत्याचा. त्याने नवा स्विच विकत आणला, जुन्याशेजारी ठेवला. क्रमांक तोच, पण आतला भाग गुपचूप बदललेला. त्या गाड्या भारतात विकल्या गेल्या नव्हत्या. धडा मात्र आपल्यालाही लागू आहे.

द्रुतगती मार्गावर शंभराच्या वेगात इंजिन गेले तर ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. अशा वेळी एकदाच, घट्ट ब्रेक दाबून, धोक्याचे दिवे लावून गाडी डावीकडे घ्यावी. आणि गॅरेजात जाण्याआधी वेळ, ऊन, चढ-उतार, टाकीतले पेट्रोल, आधी आलेले झटके हे कागदावर लिहून ठेवावे. कारण गॅरेजात पोहोचेपर्यंत इंजिन निवलेले असते, दोष लपलेला असतो, आणि स्कॅनर गप्प असला तर मिस्त्रीच्या हाती तेवढी एकच नोंद असते.