टीव्ही तीन, कन्सोल एक: गेमचा डबा घरात नेमका कुठं ठेवायचा?

नांदेड-लातूरकडं नवं घर बांधताना आता बरेच जण एक सोय आधीच करून ठेवतात. बैठकीत मोठा टीव्ही, आई-बाबांच्या खोलीत एक, वरच्या मजल्यावर एक. सेट टॉप बॉक्स, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि राउटर मात्र जिन्याखालच्या एकाच कपाटात. तिथून भिंतीतल्या पाइपांतून प्रत्येक टीव्हीला वायर. मग घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स येतो आणि वायरिंगवाला सहज सांगून जातो, "हे बी त्याच कपाटात ठेवा, सगळ्या टीव्हीवर दिसंल."

दिसेल, हे खरं. पण नीट खेळता येईल का? आणि एवढा महागाचा डबा त्या कपाटात टिकेल का? तेच समजून घेऊ.

आधी ही तीन नावं ओळखा

स्प्लिटर: एका डब्याचं चित्र एकाच वेळी अनेक टीव्हींवर पाठवतो.
स्विच: अनेक डबे एका टीव्हीला जोडतो. एका वेळी एकच निवडायचा.
मॅट्रिक्स: दोन्ही कामं करतो. कोणताही डबा कोणत्याही टीव्हीवर. अर्थात किंमतही तशीच.

सेट टॉप बॉक्ससाठी हे तिन्ही ठीक चालतात, कारण तिथं आपण फक्त बघतो. कन्सोलमध्ये आपण बटण दाबतो आणि लगेच उत्तर हवं असतं. सगळा फरक इथंच पडतो.

कपाटात ठेवलं तर काय होतं?

१) कंट्रोलर पोहोचत नाही. चित्र वायरीतून वरच्या मजल्यावर जाईल, पण तुमच्या हातातला कंट्रोलर वायरलेस आहे. प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर ब्लूटूथवर चालतो. एका खोलीत तो मस्त चालतो. मध्ये स्लॅब, दोन भिंती आणि लोखंडी कपाट आलं की बटण उशिरा लागतं किंवा कनेक्शनच तुटतं.

२) चित्र उशिरा येतं. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद टिकते. साधा स्प्लिटर यात जाणवण्यासारखी भर घालत नाही. पण चित्र आधी दाबून लहान करून मग नेटवर्कवरून पाठवणारी यंत्रं, म्हणजे एचडीएमआय ओव्हर आयपी, कित्येक फ्रेमचा उशीर करू शकतात. मालिका बघताना कळतही नाही. क्रिकेटच्या गेममध्ये मात्र बॅट फिरेपर्यंत बॉल कीपरकडं गेलेला असतो.

३) सगळ्यांत साध्या टीव्हीचा नियम सगळ्यांना लागतो. टीव्ही कन्सोलला सांगतो, "मला एवढंच चित्र दाखवता येतं." बैठकीत ४के टीव्ही आणि बेडरूममध्ये जुना एचडी रेडी असेल, तर स्वस्त स्प्लिटर अनेकदा दोघांना जमेल असंच हलकं चित्र मागतो. म्हणजे ४के टीव्हीचे पैसे वाया. ४केमध्ये १२० फ्रेम हवे असतील, तर मधलं प्रत्येक यंत्र आणि केबल एचडीएमआय २.१ ची लागते. एचडीएमआय २.० ची मर्यादा १८ गिगाबिट प्रति सेकंद, २.१ ची ४८ पर्यंत.

४) उष्णता. गेम चालू असताना प्लेस्टेशन ५ साधारण २०० वॅट वीज खातो आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. सोनीच्या सूचनेप्रमाणे तो ५ ते ३५ अंश तापमानात वापरायचा आणि भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर लांब ठेवायचा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४० च्या वर पारा असतो. बंद कपाटात डीव्हीआर आणि राउटरच्या शेजारी त्याची काय अवस्था होईल, ते तुम्हीच बघा. गार राहावा म्हणून कूलरच्या समोरही ठेवू नका; त्या हवेत ओलावा असतो, तो आत जायला नको.

५) वीज. मृगाच्या आधीचा वळीव आला की कडकडाट ठरलेला. डिशची केबल गच्चीवरून थेट सेट टॉप बॉक्समध्ये येते. तो बॉक्स, स्प्लिटर, टीव्ही आणि कन्सोल एचडीएमआयनं एकमेकांना जोडलेले असले, तर जवळ वीज पडल्यावर आलेला झटका त्याच साखळीतून पुढं जाऊ शकतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ढग दाटून आले की प्लग काढा आणि डिशची वायरही सोडवा. ढग डोक्यावर येऊन गडगडायला लागल्यावर मात्र वायरीला हात लावायचा नाही. घराचं अर्थिंग नीट आहे का, हेही एकदा तपासून घ्या.

मग ठेवायचा कुठं?

सोपा नियम: जिथं जास्त खेळता, त्याच टीव्हीशेजारी, उघड्या टेबलावर, कन्सोलसोबत आलेल्या केबलनं थेट जोडून. मध्ये स्प्लिटर नको. सेट टॉप बॉक्स आणि सीसीटीव्ही खुशाल कपाटात राहू द्या. टीव्हीला दोन-तीन एचडीएमआय पोर्ट असतातच. कपाटातून आलेली वायर एकाला, कन्सोल दुसऱ्याला. टीव्हीवर गेम मोड चालू करायला विसरू नका.

दुसऱ्या खोलीतही खेळायचं असेल तर तीन मार्ग आहेत:

• कन्सोल उचलून न्या. हसू नका, सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग हाच. दोन्हीकडं एकेक एचडीएमआय आणि पॉवर केबल लावून ठेवा.

• लांब केबल टाका. साधी तांब्याची एचडीएमआय केबल ४केला साधारण पाच मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढं ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते. कन्सोलकडचं टोक आणि टीव्हीकडचं टोक उलटं लावलं तर चित्र येत नाही. एचडीबेसटी नावाची यंत्रं कॅट ६ वायरीवरून १०० मीटरपर्यंत चित्र नेतात, उशीरही जाणवत नाही, पण बहुतेकांवर ४के १२० मिळत नाही. आणि कंट्रोलरचा प्रश्न इथंही उरतोच, म्हणून हा मार्ग शेजारच्या खोलीपुरता.

• रिमोट प्ले वापरा. प्लेस्टेशनचं रिमोट प्ले ॲप मोबाइलवर टाका, कंट्रोलर मोबाइलला जोडा, कन्सोल बैठकीतच राहू द्या. सोनी किमान ५ एमबीपीएस मागते आणि १५ असावेत असं सुचवते. कन्सोल राउटरला लॅन वायरनं जोडा आणि मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. थोडा उशीर राहतो. निवांत गेमला चालतो, ऑनलाइन मारामारीला नाही. एक्सबॉक्सलाही अशीच सोय आहे.

घर जुनं असेल तर?

मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती खूप जाड असतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कॉलम-बीमची घरं वाढली, तरी गावात जुने वाडे आहेतच. अशा भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जेमतेम जातं. तिथं रिमोट प्लेवर भिस्त ठेवण्यापेक्षा एक कॅट ६ वायर टाकून दुसऱ्या खोलीत छोटा वायफाय पॉइंट लावा. वायर शुद्ध तांब्याची घ्या.

घर बांधत असाल, तर आत्ताच प्रत्येक टीव्हीमागं किमान एक इंचाचा रिकामा पाइप टाकायला सांगा. वळणं कमी ठेवा, आत ओढतार सोडा, विजेची वायर त्याच पाइपात नको. प्लॅस्टर झाल्यावर एचडीएमआयचं टोक अरुंद पाइपातून जात नाही, तेव्हा भिंत फोडायची पाळी येते.

स्क्रीन काळी पडते?

स्प्लिटर लावल्यावर आवाज किंवा चित्र गायब झालं, तर बहुधा एचडीसीपी, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, आडवं आलेलं असतं. आधी कन्सोल थेट टीव्हीला लावून बघा. थेट चाललं तर दोष स्प्लिटरचा किंवा मधल्या केबलचा. प्लेस्टेशन ५ वर सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय इथं एचडीसीपी बंद करता येतं. गेम चालतील, पण सिनेमाची ॲप्स चालणार नाहीत.

लाइट जाते तेव्हा

इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो प्युअर साइन वेव्हचा असावा आणि यूपीएस मोडवर ठेवावा, म्हणजे लाइट गेल्यावर कन्सोल रिस्टार्ट होण्याची शक्यता कमी होते. तरी सेव्ह चालू असताना वीज गेली तर डेटा बिघडू शकतो. क्लाउड बॅकअप चालू ठेवा.

शेवटचं, पण महत्त्वाचं

घरात कुणी बारावीला किंवा नीटच्या तयारीत असेल, आणि लातूर-नांदेडला असं घर शोधायला लांब जावं लागत नाही, तर कन्सोल त्या खोलीच्या भिंतीला लागून ठेवू नका. गोळ्यांचा आवाज भिंतीतून जातो. हेडफोन कंट्रोलरलाच लावता येतो, तो लावा. जागा ठरवताना वायर बघा, हवा बघा आणि शेजारच्या खोलीत कोण अभ्यासाला बसलंय तेही बघा.