खडा उडाला, टवका गेला

१९१०च्या सुमारास डेट्रॉइटमध्ये किंवा लंडनमध्ये मोटारीच्या रंगाचा टवका उडाला, तर तो बुजवायला येणारा कारागीर बहुधा बग्ग्या रंगवून हात बसलेला असे. मोटारच मुळी बग्गीसारखी रंगवली जाई. जवसाच्या तेलातला रंग, वरून व्हार्निश, आणि सगळं काम ब्रशने. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, प्युमिस दगडाची भुकटी नि पाणी घेऊन घासायचा, मग पुढचा हात. उंची गाडीवर असे वीसेक हात चढत आणि काम महिनाभर रेंगाळे. इतकं करूनही उन्हात व्हार्निश पिवळं पडे, चिरे. मालकाला ती सवयच होती; दर एक-दोन वर्षांनी गाडी पुन्हा रंगाऱ्याकडे जायची.

खड्यांचा असा उपद्रव बग्गीला मात्र कधी झाला नव्हता. जॉन मॅकॅडम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रस्ते बांधायची जी रीत रूढ केली, तिच्यात फोडलेली खडी एकमेकीत घट्ट बसे आणि चाकांच्या लोखंडी धावांखाली दगडाचा चुरा होऊन फटी आपोआप बुजत. मोटार आली आणि हे गणित फिसकटलं. वेगाने फिरणारे रबरी टायर तो चुरा ओढून हवेत उधळू लागले, खडी सुटी झाली. मागून येणाऱ्याच्या तोंडावर धूळ आणि गाडीच्या नाकावर खडे! १९०२ साली मोनाकोत डॉक्टर गुग्लिएल्मिनेती यांनी रस्त्यावर डांबर पसरून पाहिलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडगर हूली यांनी डांबर-खडीच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. सगळ्यांचा राग होता तो धुळीवर, पण डांबराने खडीही जागच्या जागी बसली. टवक्यावरचा पहिला मोठा इलाज असा रंगाऱ्याने नव्हे, रस्तेवाल्याने केला.

कारखान्यांची चिंता वेगळीच होती. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा लाल, करडी, हिरवी अशी मिळे. १९१४ ते १९२५ या काळात ती फक्त काळी निघाली. मडगार्डसारखे भाग ॲस्फाल्ट मिसळलेल्या काळ्या रंगात बुडवून भट्टीत भाजले जात. खड्यांचा मार नेमका याच भागांवर बसतो आणि भाजलेला रंग तो बऱ्यापैकी सोसत असे. पण ज्यांना रंगीत गाड्या विकायच्या होत्या त्यांचं काय? त्यांच्याकडे ओल्या रंगाचे सांगाडे वाळत पडायला छपराखालची जागा पुरेना.

ही कोंडी फोडली ती सुरुंगाच्या कापसाने. नायट्रोसेल्युलोज म्हणजे बिनधुराची दारू आणि सिनेमाची फिल्म ज्यातून बनायची तो पदार्थ. ड्यूपॉन्ट कंपनी त्यात मुरलेली होती. तिच्या रसायनज्ञांना हा पदार्थ पातळ तरीही भरगच्च अशा लॅकरमध्ये उतरवता आला, आणि जनरल मोटर्सच्या चार्ल्स केटरिंग यांनी तो मोटारीवर चढवण्याचा पिच्छा पुरवला. १९२३ साली ‘ड्युको’ बाजारात आला. ओकलंड गाडीची १९२४ची मॉडेलं निळ्या ड्युकोत रंगून निघाली. आठवड्यांचं काम तासांवर आलं. हा रंग इतक्या झटपट वाळे की ब्रश फिरेपर्यंत त्याच्या रेघा उठत, म्हणून स्प्रे गन आली. तिचा जन्मही गमतीचा आहे. ओहायोतल्या टोलिडोचे डॉक्टर डिव्हिल्बिस रोग्यांच्या घशात औषध फवारायचं यंत्र बनवत. त्यांच्या मुलाने १९०७ साली तीच युक्ती रंगाला लावली होती.

ब्रश कारखान्यातून गेला, आणि टचअपच्या बाटलीच्या झाकणाला चिकटून परत आला. सेल्युलोज रंगाची खुबीच अशी की त्यातला थिनर खालचा वाळलेला थर पुन्हा विरघळवतो. टवक्यात थेंब सोडला की त्याच्या कडा जुन्या रंगात मुरतात. वाळल्यावर वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड फिरवलं की सांधा शोधून सापडत नाही. शिवाय ड्युकोला मुळात फारशी चमक नसे, ती घासूनच आणावी लागे. म्हणजे कारखान्यात जे व्हायचं तेच कोपऱ्यावरच्या गॅरेजात होई. दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिलं तर मोटारीच्या रंगाचा हाच सुवर्णकाळ म्हणायला हवा. बाकी हा रंग ठिसूळ होता, उन्हाने तडकायचा, हेही खरंच.

भारतात हा काळ भरपूर लांबला. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या फियाट बनत. रंगाचे कारखानेही याच शहरात वाढले: लोअर परळला १९२० साली गॅहॅगन या नावाने सुरू झालेली कंपनी पुढे गुडलास नेरोलॅक आणि २००६पासून कान्साय नेरोलॅक झाली, आणि १९४२ साली गिरगावातल्या एका गॅरेजात चार मित्रांनी एशियन पेंट्स काढली. टिंकर पत्रा ठोकून द्यायचा, पेंटर लांबी भरून रंग मारायचा. सेल्युलोज रंगाचा डबा कुठल्याही कंपनीचा असो, पेंटरच्या तोंडी तो ड्युकोच. त्याची खरी परीक्षा व्हायची पावसाळ्यात. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. त्यामुळे जाणता पेंटर जुलैत गिऱ्हाईक परत पाठवायचा, नाहीतर सावकाश उडणारा थिनर तरी वापरायचा.

दरम्यान परदेशात रंगाची सगळी जातच बदलत होती. फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांनी अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने प्रायमर चढवायची पद्धत विकसित केली. १९६०च्या दशकात ती कारखान्यात रुळली आणि पत्र्याच्या सांदीकोपऱ्यातही प्रायमर पोचू लागला. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आला. टवका लोखंडापर्यंत गेला तरी आधी जस्त झिजतं, गंज थोपवून धरतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रंगावर पारदर्शक क्लिअर कोट चढू लागला. आजच्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर कोट असं सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम आठवा-दहावा भाग असतो.

एवढ्याशा जाडीने दगड झेलायचा म्हटल्यावर त्याची परीक्षाही दगडानेच घेतात. ‘ग्रॅव्हलोमीटर’ नावाच्या यंत्रात अमेरिकी मानकानुसार अर्ध्या लिटरच्या आसपास गोटे हवेच्या दाबाने रंगवलेल्या पत्र्यावर मारतात, मग चिकटपट्टी लावून सुटलेला रंग ओढून काढतात आणि टवके मोजतात. रस्त्यावर हा प्रयोग फुकटात होतो. ताशी ५० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेगाने त्याच खड्यावर आदळलं, तर माराची ऊर्जा चौपट होते. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खडी भरलेल्या उघड्या डंपरमागे गाडी चिकटवणाऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही.

नवा रंग टणक झाला, पण तो थिनरला दाद देईना. त्याचे रेणू एकमेकांत असे गुंफलेले असतात की नवा थेंब जुन्यात मुरत नाही, नुसता शेजारी बसतो. मेटॅलिक शेडची पंचाईत आणखी मोठी, कारण फवाऱ्यात ॲल्युमिनियमचे कण आडवे पसरतात आणि ब्रशच्या थेंबात उभे-आडवे कसेही राहतात. रंगाचा कोड तंतोतंत जुळवला तरी डाग काळपट दिसतो.

तरीही काम होतं, आणि करणारे ते बारकाईने करतात. आधी शाम्पूने मेण नि तेलकटपणा काढायचा. गंजाचा ठिपका असेल तर सुईच्या टोकाने तेवढाच खरवडायचा. उघड्या लोखंडावर प्रायमरचा कण. झाकणातला ब्रश बाजूला ठेवून रंग टूथपिकच्या टोकावर घ्यायचा आणि फक्त खळग्यात सोडायचा, कडेवर नाही. वाळला की रंग आकसतो, म्हणून पुन्हा थेंब, मग क्लिअर कोट, तोही आजूबाजूपेक्षा किंचित वर येईपर्यंत. काही दिवस थांबून साबणाच्या पाण्यात २०००चा पेपर लहानशा ठोकळ्यावर गुंडाळून तेवढाच उंचवटा उतरवायचा आणि कंपाउंड. घाईने बोटाने घासणारा शेजारचा क्लिअर कोटही घालवून बसतो. साधा पांढरा असेल तर ठिपका सहज लपतो. पर्ल व्हाइटला पेंटर थेट अख्खं बॉनेट करायचा दर सांगतो.

ज्यांना टवकाच नको, त्यांच्यासाठीचा उपाय युद्धातून आला. व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरची पाती वाळू नि कचऱ्याने झिजत, म्हणून थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म बनवली. पुढे ती शर्यतीच्या मोटारींच्या नाकावर आणि तिथून साध्या गाड्यांवर आली. पुण्या-मुंबईच्या डिटेलिंग स्टुडिओंत ती आता पीपीएफ या नावाने मिळते. सुरुवातीच्या फिल्म उन्हाने पिवळ्या पडत. हल्लीच्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उबेने बुजतात, पण मोठा खडा तीही फाडतो. फरक इतकाच, की तेव्हा बॉनेट न रंगवता फाटलेली फिल्म सोलून नवी लावायची.