करून राहिलो: आपल्या मराठीत शेजाऱ्यांचं काय काय आहे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना जे "म्हणजे", "ॲक्चुअली" झालं ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. मी वलगावचा. अमरावतीहून निघालं की थोड्याच वेळात येतं ते. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा सकाळच्या मीटिंगमध्ये मी म्हणालो, "मी तो बग फिक्स करून राहिलो." दोन सेकंद शांतता, मग हशा. पुढचे कित्येक महिने चहाच्या टेबलावर "काय करून राहिला बे?" हीच माझी ओळख. एकाने अगदी प्रेमाने सांगितलं, "अरे, शुद्ध मराठीत करतोय म्हणायचं." मी शिकलो. इतकं शिकलो की घरी फोनवर आई म्हणाली, "असा काहून बोलून रायला तू?"

बरीच वर्षं मला वाटायचं की आपली भाषा म्हणजे बिघडलेली मराठी. ते डोक्यातून गेलं एका भलत्याच गोष्टीमुळे.

इंटरनेटवर काही लोक छंद म्हणून भाषा तयार करतात. टोल्किनने हेच केलं होतं. फिनिश भाषेचं व्याकरण हाती लागलं, तो त्या भाषेच्या प्रेमात पडला आणि त्याच्या एल्फ लोकांच्या क्वेन्या भाषेत तो नाद उतरला. या छंदातला एक खेळ असा: समजा जर्मन-इंग्रजीच्या कुळातली एखादी भाषा हजार वर्षं फिनिश लोकांच्या शेजारी राहिली, तर ती कशी दिसेल? फिनिश त्या कुळातली नाही. तिचं नातं एस्टोनियनशी, लांबून हंगेरियनशी. म्हणजे दोन पूर्ण वेगळी घरं, मधे एकच कुंपण.

खरी फिनिश बघितली तर शब्दांची देवघेव झालेलीच आहे. राजाला फिनिशमध्ये 'कुनिंगास' म्हणतात. हा शब्द तिने प्राचीन जर्मानिक भाषेकडून घेतला आणि जवळजवळ तसाच ठेवला. मूळ घरात मात्र तो झिजून 'किंग' आणि 'क्योनिग' झाला. शेजाऱ्याला दिलेलं भांडं त्याच्याकडे नवंकोरं आणि आपल्याकडचं पोचे पडलेलं, असा प्रकार.

पण शब्द ही वरवरची गोष्ट आहे. खरी गंमत वाक्यात असते. इंग्रजीत 'नॉट' कधी बदलत नाही. मी असो, तू असो, ते असोत, नॉट म्हणजे नॉट. फिनिशमध्ये नकार हेच क्रियापद आहे, ते माणसाप्रमाणे चालतं: मी असेल तर 'एन', तू असेल तर 'एत', तो असेल तर 'एइ', ते असतील तर 'एइवात'. तर त्या काल्पनिक भाषेत शब्द जर्मन घराण्याचे, पण 'नाही' मात्र फिनिशसारखं चालणारं, असं काहीसं होईल.

हे वाचताना मी थांबलो. मी जात नाही. तू जात नाहीस. ते जात नाहीत. नको, नकोस, नका.

अरे! हे तर आपल्याकडे आहे.

हिंदीत बघा: मैं नहीं, तू नहीं, वे नहीं. 'नहीं' ढिम्म हलत नाही. संस्कृतातलं 'न' पण हलत नाही. आता तेलुगूत या. 'मी नाही' म्हणायला 'नेनु लेनु', 'तू नाहीस' म्हणायला 'नुव्वु लेवु', 'आम्ही नाही' म्हणायला 'मेमु लेमु'. नकार माणसाप्रमाणे चालतो. आणि 'नको'? हिंदीत त्याला एक शब्द नाही, 'नहीं चाहिए' म्हणावं लागतं. तेलुगूत 'वद्दु', कन्नडमध्ये 'बेड', एका शब्दात काम. हैदराबादच्या दखनीला तर आपला 'नको' इतका आवडला की तिने तो 'नक्को' करून घरीच ठेवला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. 'नाही'चं शरीर संस्कृत-प्राकृताच्याच घरचं आहे, 'न' आणि 'असणे' मिळून झालेलं. पण त्याला क्रियापदासारखं सगळीकडे चालवायची सवय? ती शेजारून आली असावी असं अनेक अभ्यासकांना वाटतं, आणि मलाही ते पटतं.

दुसरं उदाहरण तुम्ही रोज वापरता. "आम्ही पिक्चरला चाललो" आणि "आपण पिक्चरला चाललो". पहिल्या वाक्यात तुमचं तिकीट नाही, दुसऱ्यात आहे. हिंदीतलं 'हम' हा फरक करत नाही. तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्येही तसेच दोन शब्द. आपल्या बाजूने गुजराती पण हा फरक पाळते. उत्तरेकडे जा, फरक विरतो.

तिसरं: "येतो म्हणून सांगितलं". दुसऱ्याचं बोलणं आधी, मग 'म्हणून'. तेलुगूत इथे 'अनि' येतं, आणि त्याचाही अर्थ 'म्हणून'च. दखनीवाले 'बोलके' म्हणतात. शब्द तीन, सांगाडा एक. आमच्या भाषेत सांगायचं तर फ्रंटएंड वेगळे, बॅकएंड एकच.

मराठीवरच्या द्राविडी प्रभावाची चर्चा जुनी आहे. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच अभ्यासकाने शंभर वर्षांपूर्वी मराठीच्या घडणीवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही ती येते. पण 1971 मध्ये केंब्रिजने छापलेल्या एका पुस्तकात दोन लेख आले. फ्रँकलिन साउथवर्थने विचारलं, मराठी मुळात दोन समाजांच्या गरजेतून झालेली मिश्र भाषा तर नव्हती? सगळ्यांना ते पटलेलं नाही. दुसरा लेख गम्पर्झ आणि विल्सन यांचा, सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावावर. तिथे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं शतकानुशतकं एकत्र. शेतावर, बाजारात सगळे एकमेकांशी बोलणार, पण घरात प्रत्येकाची भाषा वेगळी राहणार. परिणाम असा की तिन्ही भाषांची वाक्यं इतकी सारखी झाली की एका भाषेतून दुसरीत जायला फक्त शब्द बदलायचे, क्रम तोच, जोड तेच. एकाही भाषेने आपलं नाव सोडलं नाही, आतून मात्र तिघी बहिणी झाल्या.

आणि हे काही एका गावापुरतं नाही. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी, कन्नड आणि तमिळ अशा तीन भाषांत लेख कोरलेले आहेत. देवगिरीच्या यादवांना आपण मराठीचे राजे म्हणतो, त्यांचे कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत. शाळेच्या पुस्तकात हे कोणी सांगितलं असतं तर इतिहासाच्या तासाला मी झोपलो नसतो.

आता वऱ्हाडात येऊ, कारण माझं भांडण तिथलं आहे.

'करून राहिलो' नीट उघडून बघा. हिंदीत 'कर रहा हूँ'. 'कर' म्हणजे करून, 'रहा' म्हणजे राहिला. वऱ्हाडीने हिंदीकडून एकही शब्द घेतला नाही. तिने सांगाडा घेतला आणि त्यात आपले मराठी शब्द बसवले. त्या काल्पनिक भाषेने फिनिशकडून जे घेतलं असतं, नेमकं तेच. आणि का नाही घेणार? 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, राजधानी नागपूर, अर्धा प्रांत हिंदी बोलणारा. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात होतो. त्याच्या आधी अचलपूरची इमादशाही, म्हणजे दखनी आणि फारसीचा शेजार. मेळघाटात कोरकू, जी संथाली-मुंडारीच्या कुळातली. यवतमाळकडे कोलामी आणि गोंडी, दोन्ही द्राविडी. बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली, जिचं कूळच कोणाला लागलेलं नाही. तिने इतरांकडून इतकं घेतलंय की तिचे स्वतःचे शब्द शोधून काढावे लागतात. बोलणारे फार थोडे उरलेत. सगळ्याच शेजाराचा शेवट कुपवाडसारखा होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून मला "शुद्ध मराठीत बोल" या वाक्याची गंमत वाटते. सांगणाऱ्याचा 'नाहीत', त्याचा 'आपण', त्याचा 'म्हणून', यांच्यात शेजाऱ्यांचा हात असेल तर ती प्रमाण भाषा. माझ्या 'करून राहिलो'त शेजारी दिसला की ती अशुद्ध. फरक फक्त तारखेचा आहे. त्याचा शेजार जुना, माझा नवा. आणि कोणाची भाषा पुस्तकात आधी छापली गेली याचा.

वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा गेले. आयुष्यभर ते वऱ्हाडीत कीर्तन करत फिरले, समोरच्यांना प्रश्न विचारत, उत्तर काढून घेत. मुंबईतही लोक ऐकायला बसायचे. त्यांना कोणी 'करतोय' म्हणा असं सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

परवा आमच्या टीममध्ये अकोल्याची एक मुलगी आली. पहिल्याच मीटिंगमध्ये तिने "मी टेस्टिंग करून रा..." म्हटलं आणि जीभ चावली. मी म्हणालो, "हो, करून राहा तू. मी बी करून रायलो."

तुमच्या गावात 'करतोय' कुठे संपतं आणि 'करून रायलो' कुठे सुरू होतं? एखादं गाव, एखादी नदी, एसटीचा एखादा थांबा? व्हॉइस नोट पाठवा, आपल्या बोलीतच. पुढच्या भागात लावू.